३५ दिवसांत संपलेले सेल

माळ्यावरचं तापमान दर पंधरा मिनिटांनी नोंदवून ठेवायचं, एवढंच काम होतं. वायफाय नको, पडदा नको, मोबाइलवर आलेख नको. डबी वर ठेवायची, विसरून जायचं आणि पाच-सहा महिन्यांनी खाली आणून नोंदी काढून घ्यायच्या. यात अवघड ते काय, म्हणून एका रविवारी मी तो लॉगर उरकला. पुढचे दोन महिने त्याच्या मागे गेले.

आधी मांडणी सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यातच दडलेला होता. मधोमध एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, तोही नुसती चिप. तयार बोर्ड मुद्दाम टाळला, कारण त्यावरचा पॉवरचा एलईडी आणि व्होल्टेज बांधून ठेवणारा रेग्युलेटर दिवसरात्र करंट खात बसतात. घड्याळाचा ठेका देणारा बाहेरचा क्रिस्टल नाही, चिपच्या पोटातल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर काम. तीन एए अल्कलाइन सेल थेट चिपला जोडलेले. नवे असताना तिघांचे मिळून ४.८ व्होल्ट भरतात आणि ही चिप १.८ पासून ५.५ व्होल्टपर्यंत चालते, म्हणून रेग्युलेटरची गरजच नव्हती. तापमानाला डीएस१८बी२० हा सेन्सर. त्याला किमान ३ व्होल्ट लागतात, हे एक बंधन. नोंदी ठेवायला २४एलसी२५६ ही ईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी मेमरी, आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या जोडणीवर: ३२,७६८ बाइट, एका नोंदीला दोन, म्हणजे १६,३८४ नोंदी. दिवसाला ९६ धरल्या तर १७० दिवसांची सोय. सेन्सरच्या डेटा लाइनवर ४.७ किलोओहमचा एक पुल-अप, म्हणजे लाइनला बॅटरीच्या प्लसकडे ओढून धरणारा रेझिस्टर, आय-स्क्वेअर-सीच्या दोन्ही लाइनींवर तसेच आणखी दोन. शिवाय एक बटण, चिपला झोपेतून उठवू शकणाऱ्या आयएनटी० पिनेपासून ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला. ते दाबलं की चिप जागी होऊन साठलेल्या नोंदी सिरीयलवरून बाहेर टाकणार.

कागदावरचा हिशेब देखणा होता. चिप पॉवर-डाउन या गाढ झोपेत, फक्त वॉचडॉग हा तिच्यातला स्वतंत्र गजर चालू. तो दर आठ सेकंदांनी टिचकी मारतो, चिप मोजणी एकनं वाढवते आणि परत झोपते. ११२ टिचक्या झाल्या की एक नोंद. झोपेतले सात-आठ मायक्रोअँपिअर, वर सेन्सर आणि ईप्रॉमचा प्रत्येकी फार तर एक. जागेपणी चिप आणि सेन्सर मिळून सहा मिलिअँपिअर, तेही पाऊण सेकंद. ९०० सेकंदांवर पसरले तर सरासरी पाच मायक्रोअँपिअर. सगळं मिळून पंधरा. एए सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरली तरी उत्तर पंधरा वर्षांच्या घरात जातं. इतकी वर्षं कुठलाच सेल टिकत नाही हे मलाही कळत होतं, पण साडेपाच महिन्यांची काळजी उरली नव्हती.

सहा आठवड्यांनी सहज म्हणून डबी खाली आणली. लॉगर मेलेला. सेल काढून मोजले तर प्रत्येकी ०.९ व्होल्ट.

ईप्रॉममध्ये ३,३६० नोंदी होत्या. भागिले ९६, बरोबर ३५ दिवस. म्हणजे मरणाची वेळ तरी नक्की कळली. आणि प्रत्येकी ०.९ व्होल्ट याचा अर्थ सेल खराब निघाले नव्हते, अर्धवट सुटलेल्या जोडाचाही प्रश्न नव्हता. सेल पूर्ण रिकामे झाले होते. कुणीतरी ८४० तासांत दोन हजारांवर मिलिअँपिअर-तास पिऊन टाकले होते. सरासरी अडीच मिलिअँपिअर. अपेक्षेच्या दीडशेपट.

आज मागे वळून पाहताना वाटतं, त्याच संध्याकाळी कागदावर आणखी एक भागाकार केला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. सेल रिकामे होताना तिघांचं सरासरी व्होल्टेज ३.६ च्या आसपास असतं. भागिले अडीच मिलिअँपिअर, म्हणजे १.४ किलोओहम. आणि ४.७ किलोओहमचे तीन रेझिस्टर समांतर जोडले की होतात १.५७ किलोओहम. आकडा ओरडून सांगत होता. पण मी भागाकार केला नाही, मीटर काढला.

मीटरची बाजू

माझा मल्टिमीटर साधा, साडेतीन अंकी, हातात मावणारा. करंटच्या रेंज २०० मायक्रो, २००० मायक्रो, २० मिली, २०० मिली. अपेक्षा पंधरा मायक्रोअँपिअरची, म्हणून सरळ २०० मायक्रोच्या रेंजवर ठेवला, सेल आणि सर्किट यांच्यामध्ये अडकवला आणि सर्किट चालू केलं. डाव्या टोकाला एकटा १. रेंजबाहेर.

इथे मीटरच्या आत काय चालतं ते सांगायला हवं, कारण डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवतं. असा मीटर करंट मोजत नाही. तो २०० मिलिव्होल्टपर्यंतचं व्होल्टेज मोजतो. करंट मोजायचा म्हटला की तो स्वतःच्या पोटातला एक रेझिस्टर, शंट, तुमच्या वाटेत आडवा घालतो आणि त्यावर पडलेलं व्होल्टेज वाचतो. २०० मायक्रोअँपिअरला २०० मिलिव्होल्ट मिळायचे तर शंट किती हवा? एक किलोओहम. २००० मायक्रोच्या रेंजवर १०० ओहम, २० मिलीवर १० ओहम, २०० मिलीवर एक. म्हणजे रेंज जितकी नाजूक, तितका मोठा धोंडा तुम्ही स्वतःच्या सर्किटच्या वाटेत ठेवता.

आता माझ्या लॉगरचं बघा. चालू झाल्याबरोबर चिपला पाच मिलिअँपिअर लागतात. एक किलोओहममधून पाच मिलिअँपिअर जायचे तर पाच व्होल्ट शंटवरच पडले पाहिजेत, आणि माझ्याकडे सगळे मिळून ४.८. चिपचं व्होल्टेज कोसळतं, २.७ व्होल्टला लावलेला ब्राउन-आउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की चिपला थांबवणारा बीओडी, तिला रीसेट करतो, करंट उतरतो, व्होल्टेज चढतं, चिप पुन्हा उठते, पुन्हा कोसळते. झोपेच्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम पोचतच नाही. मोजायला गेलो झोपेतला करंट, आणि मीटरनं त्या बिचारीला झोपूच दिलं नाही.

यावर उपाय जुना आहे. मीटरच्या दोन टोकांमध्ये एक छोटा स्विच समांतर लावायचा. सुरुवातीला तो जोडलेला, सगळा करंट स्विचमधून. दहा सेकंद थांबायचं, चिप झोपली असं धरून स्विच उघडायचा. आता करंट शंटमधून जातो आणि आकडा दिसतो. आठ सेकंदांच्या टिचकीला चिप उठते, पण काही मायक्रोसेकंदांपुरतीच. तेवढा धक्का बोर्डावरचा १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर पेलतो. पुढच्या नोंदीपर्यंत पंधरा मिनिटं हातात असतात. काही जण स्विचऐवजी मीटरच्या पुढे १००० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर लावतात. माझ्या कामाला तो कुचकामी होता: सहा मिलिअँपिअर, ०.८ सेकंद, १००० मायक्रोफॅरड, उत्तर ४.८ व्होल्टची घसरण. अख्खी बॅटरी गेली.

स्विच लावला. उघडला. परत एकटा १.

आणि इथे मी चार दिवस घालवले. शंटचा शोध मला इतका आवडला होता की मीटर खोटं बोलतोय यावरच मी अडून बसलो. स्विच उशिरा उघडून पाहिला, कपॅसिटर वाढवला, बीओडीची पातळी उतरवली. मीटर मात्र पहिल्यापासून खरं सांगत होता की करंट २०० मायक्रोच्या वर आहे. वैतागून २० मिलीच्या रेंजवर गेलो, जिथे शंट फक्त १० ओहम आणि आड येण्याचा प्रश्नच नाही. पडद्यावर ३.३२. चिप गाढ झोपलेली, आणि सर्किट सव्वातीन मिलिअँपिअर खातंय.

कोण खातंय

तिन्ही चिपा सॉकेटवर होत्या, म्हणून एकेक काढत गेलो. ईप्रॉम काढली, आकडा तोच. सेन्सर काढला, आकडा तोच. मायक्रोकंट्रोलर काढला, शून्य. मग काय, गुन्हेगार सापडला! दुसरी चिप घेतली, प्रोग्रॅम भरला, बसवली. ३.३१.

काढून बघण्याची ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यातला छिद्र मला तेव्हा दिसला नाही. सॉकेटमधून फक्त चिपा निघतात. बोर्डावर सोल्डर केलेले रेझिस्टर जागच्या जागी राहतात.

एका मित्राला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "झोपलेली असताना डेटा लाइनवर किती व्होल्ट आहेत?"

"पुल-अप आहे ना, म्हणजे पूर्ण असणार."

"असणार नको सांगूस. मोजलेस का?"

मीटर व्होल्टवर केला, काळी प्रोब ग्राउंडला, लाल डेटा लाइनवर. शून्य. आय-स्क्वेअर-सीच्या दोन्ही लाइनींवर, शून्य. तिन्ही पुल-अपवर प्रत्येकी पूर्ण ४.८ व्होल्ट. ४.८ भागिले ४७०० म्हणजे १.०२ मिलिअँपिअर, तीनदा, ३.०६. सर्किट न तोडता, शंट न घालता, दहा सेकंदांत. करंट शोधताना आधी बोर्डावर असलेल्या रेझिस्टरांवरचं व्होल्टेज तपासायची सवय मला त्या दिवशी लागली. प्रत्येक रेझिस्टर हा कुणीतरी आधीच बसवून ठेवलेला शंट असतो, आणि व्होल्टच्या रेंजवर मीटर १० मेगओहमचा असल्यानं कुणाला त्रासही देत नाही.

लाइनी शून्यावर का होत्या? कारण मीच तसं लिहिलं होतं. करंट वाचवायचा तर झोपण्याआधी सगळ्या पिना आउटपुट करून लो, म्हणजे शून्य व्होल्टवर, करून टाकाव्यात, हा सल्ला कुठेही वाचायला मिळतो. मी फक्त बटणाची पिन वगळली होती, बाकी सगळ्या एका लूपमध्ये लो. ज्या पिनेला काहीच जोडलेलं नाही तिला हा सल्ला ठीक. पण ज्या पिनेच्या दुसऱ्या टोकाला बॅटरीपर्यंत गेलेला रेझिस्टर आहे, तिला लो करणं म्हणजे झोपताना नळ उघडा टाकणं. सेन्सरची वन-वायर जोडणी काय किंवा आय-स्क्वेअर-सी काय, दोन्हींत कुणी बोलत नसताना लाइन सोडून द्यायची असते; रेझिस्टर तिला वर धरून ठेवतो आणि त्यातून काहीच वाहत नाही. मी तिन्ही लाइनी पंधरा-पंधरा मिनिटं खाली दाबून धरल्या होत्या. बचतीसाठी लिहिलेल्या ओळींनीच बॅटरी खाल्ली.

लूप बदलला: सगळ्या पिना इनपुट, आतले पुल-अप बंद. २००० मायक्रोची रेंज. २८० मायक्रोअँपिअर, कधी ३३०. शेवटचे दोन अंक स्थिर राहीनात.

उरलेले मायक्रो

२८० मधला मोठा वाटा ओळखीचा होता. एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारा चिपमधला भाग, चालू राहिला की पॉवर-डाउनमध्येही दोन-अडीचशे मायक्रोअँपिअर जातात, आणि आर्डुइनो या सोप्या प्रोग्रॅमिंगच्या वातावरणात प्रोग्रॅम लिहिला की सुरुवातीलाच एडीसी चालू केला जातो. हे माहीत असल्यानं मी तो बंद करणारी ओळ लिहिलीही होती. ती चालत का नव्हती? डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, एक वाक्य आहे: पॉवर रिडक्शन रजिस्टरमधून एडीसीचं घड्याळ तोडण्याआधी एडीसी बंद करा. माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही ओळी होत्या, क्रम उलटा होता. आधी घड्याळ तोडलं, मग बंद व्हायचा हुकूम सोडला. घड्याळ नसल्यानं तो हुकूम पोचलाच नाही आणि एडीसी चालूच्या स्थितीत गोठला. दोन ओळींची अदलाबदल केली, आणि पहिल्यांदाच २०० मायक्रोच्या रेंजवर आकडा उमटला.

पण तो आकडा नाचत होता. ३०, ७४, ४१. बोर्डाकडे हात नेला की चढायचा, मागे घेतला की उतरायचा. मधेच लॉगर विनाकारण जागाही व्हायचा. हात जवळ नेल्यावर आकडा हलला तर संशय पहिल्यांदा तरंगत्या, म्हणजे कुठेच न बांधलेल्या, इनपुटवर घ्यावा. सीमॉस इनपुट दोन्ही पातळ्यांच्या मधोमध लोंबकळला की आतले वरचे आणि खालचे ट्रान्झिस्टर दोन्ही थोडे थोडे उघडतात आणि सप्लायपासून ग्राउंडपर्यंत वाट होते. एव्हीआर, म्हणजे एटीमेगाच्या कुळातल्या, चिपांमध्ये एक सोय आहे: गाढ झोपेत पिनांचे डिजिटल इनपुट आतल्या आत ग्राउंडला बांधले जातात, त्यामुळे तरंगती पिन सहसा खात नाही. मुख्य अपवाद एक. ज्या पिनेवर बाहेरचा इंटरप्ट, म्हणजे चिपला हाक मारणारी खूण, लावला आहे तिचा इनपुट उघडा ठेवावा लागतो, नाहीतर ती झोपलेल्या चिपला उठवणार कशी?

आणि इंटरप्ट कुठल्या पिनेवर होता? बटणाच्या. पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी तिला सांभाळून वगळलं होतं, तिचा आतला पुल-अप चालू होता. चूक दुरुस्त करण्याच्या भरात "सगळ्या पिना इनपुट, पुल-अप बंद" लिहिलं आणि ती एकटी हवेत लटकली, वीस सेंटिमीटरच्या तारेसकट. तार म्हणजे अँटेनाच. आधीचा सरसकट नियम चुकला म्हणून मी त्याच्या उलटा, पण तितकाच सरसकट नियम लावला होता. या पिनेला आतला पुल-अप हवाच. तो २० ते ५० किलोओहमचा असतो आणि बटण दाबलेलं नसताना त्यातून काही वाहत नाही.

आकडा २८.४ वर येऊन बसला. हात फिरवला, फुंकर मारली, हलेना.

त्यातले वीसेक बीओडीचे. व्होल्टेजवर पहारा ठेवायला तो सतत एवढं घेतो. बरेच जण फ्यूजमधून, म्हणजे चिपमध्ये साठवलेल्या सेटिंगमधून, तो कायमचा बंद करतात, मला ते पटत नाही. सेल संपत आले असताना चिप अर्धवट व्होल्टेजवर भरकटली तर ईप्रॉममध्ये काय लिहील याचा नेम नाही, आणि ज्या नोंदींसाठी हा खटाटोप त्याच बिघडायच्या. ३२८पी मधल्या पी मुळे एक मधली वाट मिळते: फक्त झोपेपुरता पहारेकऱ्याला रजा द्यायची, जागं होताना तो आपोआप परत येतो. अट अशी की रजेचा बिट लावल्यापासून घड्याळाच्या तीन ठोक्यांच्या आत झोपेची सूचना आली पाहिजे. मी मध्ये एक फंक्शन बोलावत होतो, तेवढ्यात मुदत संपायची. दोन्ही एकमेकांना चिकटवल्यावर मीटर ८.३ दाखवू लागला.

सेन्सरचं वेगळंच नाटक

इथे थांबायला हरकत नव्हती. पण माझ्याकडच्या दोन सेन्सरपैकी दुसरा लावला तर आकडा सहा-सातनं वाढत होता. डीएस१८बी२० च्या नकला भरपूर फिरतात. हा त्यातला असावा किंवा नसावा, दिसायला दोघे सारखेच. म्हणून ठरवलं की झोपेत सेन्सरची वीजच तोडायची. त्याला लागतो जास्तीत जास्त दीड मिलिअँपिअर, तो मायक्रोकंट्रोलरची एक पिन सहज देते. सेन्सरचा व्हीडीडी, म्हणजे वीज घेणारा, पाय बॅटरीवरून काढून एका रिकाम्या पिनेला जोडला, झोपताना ती लो.

फरक शून्य. सेन्सर जिवंत.

याचं उत्तर सापडल्यावर हसू आलं. डीएस१८बी२० ला वीज देण्याची एक अधिकृत पद्धत अशी आहे की व्हीडीडी ग्राउंडला जोडायचा आणि डेटा लाइनच्या पुल-अपमधूनच त्याला पोसायचं. पॅरासाइट पॉवर म्हणतात त्याला. पिन लो करून मी व्हीडीडी ग्राउंडला नेला होता आणि पुल-अपचं वरचं टोक बॅटरीलाच होतं. वीज तोडायला गेलो आणि त्याला परोपजीवी करून ठेवलं.

मग पुल-अपचं वरचं टोकही त्याच पिनेवर आणलं. आता पिन हाय केली की सेन्सर आणि पुल-अप दोन्ही जागे, लो केली की दोन्ही मेलेले. गंमत म्हणजे आता डेटा लाइन झोपताना लो ठेवणंच बरोबर ठरलं, कारण रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना शून्य. ज्या ओळीनं ३५ दिवसांत बॅटरी संपवली होती तीच ओळ, त्याच पिनेसाठी, रेझिस्टरचं दुसरं टोक हलवल्याबरोबर योग्य झाली.

या बदलानं एक झाकलेली चूकही उघडी पडली. नोंदींमध्ये ओळीनं ८५.० अंश येऊ लागले. माळा तापतो, पण एवढा नाही. ८५ हे या सेन्सरचं वीज आल्याबरोबरचं मूळ मूल्य. पहिलं मापन पूर्ण होईपर्यंत रजिस्टरमध्ये तेच असतं. बारा बिटांच्या मापनाला ७५० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ चिपनं जागं राहू नये म्हणून मी मधल्या काळात वॉचडॉगची छोटी झोप घालायला लागलो होतो, ती चुकून अर्ध्या सेकंदाची. म्हणजे मापन व्हायच्या आधीच वाचन. सेन्सरची वीज कायम असताना हे लक्षात येत नव्हतं, कारण अशा वेळी पंधरा मिनिटांपूर्वीचं मूल्य हाती यायचं आणि ते खोटं वाटायचं नाही. झोप एक सेकंदाची केली.

कपॅसिटर आणि घड्याळ

आता शेवटचा आकडा दुसऱ्या कुठल्यातरी मार्गानं पडताळायचा होता. एका मीटरच्या एका रेंजवर किती भिस्त ठेवणार? यासाठी महागडी उपकरणं मिळतात. मी इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेतलं. तत्त्व शाळेतलं: कपॅसिटरवरून सर्किट चालवा, व्होल्टेज किती वेळात किती उतरलं ते पाहा, करंट म्हणजे कपॅसिटन्स गुणिले उतरलेले व्होल्ट भागिले सेकंद.

कपॅसिटरवर लिहिलं होतं ४७००. इलेक्ट्रोलायटिकवरच्या आकड्यावर वीस टक्के इकडेतिकडे धरूनच चालावं, म्हणून आधी त्याला ४.५० व्होल्टला भरून एक टक्क्याच्या १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून रिकामा केला. १.६६ व्होल्टवर, म्हणजे ३७ टक्क्यांवर, यायला ४४ सेकंद लागले. खरी किंमत ४४०० मायक्रोफॅरड.

दुसरी भानगड गळतीची. असा कपॅसिटर बराच काळ पडून असला तर सुरुवातीला तो स्वतःच शेकडो मायक्रोअँपिअर गिळू शकतो. रात्रभर ४.५ व्होल्टवर भरून ठेवला, सकाळी सप्लाय सोडवला आणि नुसता मीटर लावून पाहिलं. दहा मिनिटांत ०.४ व्होल्ट उतरला, म्हणजे २.९ मायक्रोअँपिअर. त्यात मीटरच्या १० मेगओहमचे ०.४५, बाकी गळती. हा झाला तराजूचा पासंग.

मग परत भरून लॉगर जोडला, तो झोपल्यावर सप्लाय काढला. ४.५० वरून ४.०० ला यायला २०० सेकंद. हिशेब ११.० मायक्रोअँपिअर, त्यातून २.९ वजा, उरले ८.१. मीटरनं दाखवलेल्या ८.३ शी इतकं जुळल्यावर मी पुढे मोजायचं थांबवलं. एवढ्यावर सेल वापरानं नाही, वयानं मरतील.

नवे सेल घालून डबी परत माळ्यावर गेली. १५० दिवसांनी उतरवली तेव्हा तिन्ही सेल मिळून ४.७० व्होल्ट होते, सुरुवातीच्या ४.८० वरून.

नोंदी १४,४०० असायला हव्या होत्या. होत्या १४,१५३. एकही गाळलेली नव्हती, प्रत्येक नोंदीमागची पंधरा मिनिटंच थोडी लांबली होती. वॉचडॉगचा ऑसिलेटर १२८ किलोहर्ट्झचा म्हणतात, पण तो व्होल्टेजनुसार आणि तापमानानुसार सरकतो. आठ सेकंद कधी नेमके आठ नसतात. सगळ्या नोंदींना एकच गुणक लावून वेळ दुरुस्त करावी तर तेही चालत नाही, कारण दुपारच्या तापलेल्या माळ्यावरची पंधरा मिनिटं आणि पहाटेची पंधरा मिनिटं सारखी नाहीत. जे मोजायचं तेच घड्याळाला हलवतंय.

३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळी क्रिस्टल टेबलावर येऊन पडला आहे. तो चिपमधल्या टायमर२ या मोजणीयंत्राला जोडून चिपला पॉवर-सेव्ह या दुसऱ्या प्रकारच्या झोपेत ठेवलं तर वॉचडॉगची गरजच उरत नाही, आणि करंटही कमी होईल. त्याला लागतात त्या दोन पिना मी मुख्य क्रिस्टल न लावल्यामुळे रिकाम्याच आहेत. फक्त त्यांच्या अगदी अंगावरून मी त्या बटणाची तार नेऊन डकवली आहे, ती आधी उकलावी लागेल.